कटाची आमटी आणि घराची आठवण

मराठी टीकेने काव्यातील रसांची जितकी चिकित्सा केली, तितकी जिभेवरील रसांची केलेली नाही. नवरसांचा विचार हा वाङ्मयाचा प्रांत आणि षड्रसांचा विचार हा स्वयंपाकघराचा, अशी आपली एक सोयीची वाटणी ठरून गेली आहे. जुन्या कवींनी मात्र ही वाटणी मानली नव्हती. एकनाथांनी १५७१ साली काशीक्षेत्री 'रुक्मिणीस्वयंवर' पुरे केले. त्यात लग्नाच्या पंक्तीचे वर्णन करताना अध्यात्माचे रूपक आणि पानावरचे अन्न ही दोन्ही त्यांनी एकाच हाताने वाढली आहेत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आम्हा मंडळींना ही गोष्ट विशेष जवळची वाटते, कारण ती मराठी पंगत गंगेच्या काठी बसून लिहिली गेली आहे.

अलीकडे परिस्थिती पालटली आहे, आणि कदाचित दुसऱ्या टोकाला गेली आहे. बृहन्महाराष्ट्रातील कोणत्याही मंडळाची स्मरणिका उघडावी, अधिवेशनाचा विशेषांक चाळावा किंवा दिवाळी अंकातील आठवणींचा विभाग वाचावा, त्यात एक तरी लेख असा असतोच, की ज्यात लेखकाला आपले घर एखाद्या पदार्थाच्या वासातून आठवते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी ही गावे बदलतात. लेख मात्र पुष्कळदा तोच राहतो. या लेखनाचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. ते प्रामाणिक असते, आणि त्यामागील ओढ आम्ही स्वतः अनुभविली आहे. पण प्रामाणिकपणा ही वाङ्मयाची पहिली अट असली, तरी शेवटची नव्हे. या लेखांतून आपले घर खरोखर टिकते काय, की केवळ त्याचा वास तेवढा दरवळून जातो, हा प्रश्न साहित्यसंस्थेच्या नियतकालिकाने विचारावयास हवा. त्यासाठी आम्ही एकच पदार्थ निवडला आहे, तो म्हणजे कटाची आमटी.

ही निवड जाणूनबुजून केली आहे. पुरणपोळीवर सर्वजण लिहितात, पण तिच्या शेजारच्या वाटीवर फारसे कोणी लिहीत नाही. कटाची आमटी हा मुळात कोणी ठरवून करावयाचा पदार्थच नव्हे. होळीला, पोळ्याला किंवा कुळाचाराला पुरण घातले, की ती ओघाने होते. चण्याची डाळ भरपूर पाण्यात मऊ शिजवावयाची, चाळणीवर उपसून निथळत ठेवावयाची. डाळ गुळाबरोबर शिजून पुरण होते आणि खाली उरलेले दाटसर पाणी, म्हणजे कट, आमटीला जाते. त्यात थोडी डाळ घोटून घालतात, पुरणयंत्राला आणि पातेल्याला चिकटलेले पुरणही त्याच पाण्याने धुऊन आत सोडतात. मग चिंचेचा कोळ किंवा आमसुले, भाजून वाटलेले खोबरे व जिरे, काळा अथवा गोडा मसाला, आणि मोहरी, हिंग, कढीपत्ता यांची चरचरीत फोडणी. आमटी सरसरीत झाली पाहिजे, दाट होता कामा नये. कोल्हापूर-सोलापूरकडे तिलाच येळवणीची आमटी म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती अधिक लागते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

म्हणजे ज्याला आपण सणाचे वैभव म्हणतो त्याच्या पोटी ही काटकसर जन्मलेली आहे. गोडाचा कंटाळा येऊ नये म्हणून तिखट, तुपाचा जडपणा कमी व्हावा म्हणून आंबट, आणि डाळीचे पाणी वाया जाऊ नये म्हणून आमटी. या पदार्थात चव, पचन आणि प्रपंच या तीन गोष्टी एकवटल्या आहेत. ज्या लेखकाला घर सांगावयाचे आहे, त्याला याहून चांगले साधन मिळणे कठीण. तरीही आठवणींच्या लेखात ती कशी येते, ते पाहावे. 'आईच्या हातची ती झणझणीत, खमंग आमटी!' एवढे म्हणून लेखक पुढे जातो. येथे नाम आहे, विशेषणे आहेत, उद्गारचिन्हही आहे. नाही ते क्रियापद. आमटी कोणी केली, कशी केली, त्यासाठी कोण किती वाजता उठले, ती कोणाला किती मिळाली, याचा पत्ता नाही.

आमच्या मते या लेखनाचा मूळ दोष हाच आहे, आणि त्याचेच तीन परिणाम दिसतात. पहिला असा, की पदार्थ केवळ आपलाच आहे असे मानले जाते. दुसरा असा, की तो कधी बदलला नाही अशी समजूत करून घेतली जाते. तिसरा, आणि आम्हांस सर्वांत गंभीर वाटणारा परिणाम असा, की करणाऱ्याचे श्रम आणि वाढण्यातील भेद हे दोन्ही दृष्टीआड होतात. या तिन्हींचा आपण क्रमाने विचार करू.

कटाची आमटी केवळ मराठी माणसाची आहे काय? सीमाभागातील वाचकाला हा प्रश्न विचारावाच लागणार नाही. बेळगावात ज्या दिवशी मराठी घरी पुरणपोळी आणि कटाची आमटी होते, त्या दिवशी शेजारच्या कानडी घरी होळिगे आणि 'कट्टिन सारू' होते. तेलंगणात पोळीला 'पोलेलु' म्हणणारे लोक आहेत, आणि डाळीच्या निथळलेल्या पाण्याचे 'कट्टु चारु' त्यांच्याकडेही आहे. कानडीतील 'कट्टु', तेलुगूतील 'कट्टु' आणि आपला 'कट' हे एकमेकांना ओळखणारे शब्द आहेत, हे सांगावयास भाषाशास्त्रज्ञाची गरज नाही. पश्चिमेस गुजरातेत जावे, तर वेढमीसाठी शिजविलेल्या तुरीच्या डाळीचे पाणी काढून त्याचे 'ओसामण' करतात. त्यात गूळ व कोकम असते, मसाला हलका असतो, रंग पिवळा राहतो. डाळ वेगळी, मसाला वेगळा. पण गोडाच्या पोटातून आंबट-तिखट काढण्याची युक्ती तीच.

मग यात आपले काय उरले, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, सगळेच उरले. शेजाऱ्याकडेही आई आहे म्हणून आपली आई कमी आपली होत नाही. उलट, एकच युक्ती गोदावरी, कृष्णा आणि नर्मदा यांच्या काठांवर वेगवेगळ्या हातांनी कशी वळविली, हे पाहण्यातच आपल्या हाताची ओळख पटते. बेळगावचा लेखक कट्टिन सारूचे नाव न घेता कटाची आमटी लिहितो, तेव्हा तो आपला पदार्थ राखीत नाही, तो आपला गाव पुसतो. राजकीय वादात त्याची बाजू कोणतीही असो. ज्या भिंतीपलीकडच्या फोडणीचा आवाज त्याने जन्मभर ऐकला, ती भिंतच त्याच्या लेखात नाही, ही वाङ्मयीन उणीव आहे.

स्वामित्वाच्या या हौसेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सांबाराची कथा. तंजावरच्या मराठी राज्याचा काळ १६७६ ते १८५५ असा आहे. तेथील शाहजी राजांच्या मुदपाकखान्यात म्हणे एकदा आमसुले संपली, म्हणून आमटीत चिंच घातली गेली. त्या दिवशी पाहुणे असलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्या पदार्थास 'सांबार' म्हणू लागले. ही कथा आमच्या सभांमधून हमखास सांगितली जाते आणि तिला हमखास टाळ्या पडतात. परंतु समकालीन कागदपत्रांतला आधार तिला कोणी दाखविलेला नाही, आणि शब्दाची साक्ष तर तिच्या विरुद्ध जाते. संस्कृतात 'संभार' म्हणजे सामग्री. कानडीत 'सांबार पदार्थ' म्हणजे मसाल्याचे जिन्नस. मल्याळीत 'संभारम्' म्हणजे मसाला लावलेले ताक. आणि दूर कशास जा, आपल्या विदर्भात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. नागपूरची सांबारवडी कोणा राजाच्या नावाने प्रसिद्ध नाही. ज्या शब्दाचे गोत एवढे मोठे, त्याला एका दिवसाच्या मेजवानीत जन्मास घालणे म्हणजे इतिहासावर अन्याय आणि भाषेवरही.

आम्हांस या कथेचा राग नाही. ती का जन्मली असावी हे आम्ही समजू शकतो. दूर देशी राहणाऱ्या समाजाला आपण काहीतरी दिले आहे, असे वाटावयास हवे असते. पण तंजावरने खरोखर जे दिले ते या दंतकथेपेक्षा किती तरी मोलाचे आहे! दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील पाकक्रियांचा 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेला आहे. कावेरीच्या काठच्या मुदपाकखान्यात काय शिजत होते, ते मराठीत लिहून ठेवावे असे तेथे कोणास तरी वाटले, ही घटना आमच्या दृष्टीने संभाजीराजांच्या काल्पनिक मेजवानीहून मोठी आहे. कारण दंतकथेत फक्त नाव मिळते. पाकशास्त्रात कृती मिळते. मात्र आमच्या व्यासपीठांवरून दंतकथा शंभरदा ऐकू येते, आणि या ग्रंथाचा उल्लेख क्वचित होतो.

आता दुसऱ्या परिणामाकडे वळू. आठवणींतील आमटी कधी बदलत नाही. प्रत्यक्षातील आमटी गावोगाव बदलत आली आहे. कोकणपट्टीत आमसूल, गोव्यात सोलां, देशावर चिंच-गूळ. एका घरी गोडा मसाला, दुसऱ्या घरी खोबरे-कांदा भाजून केलेला काळा मसाला. दगडफूल आणि नागकेशर न मिळणाऱ्या गावी त्यांच्यावाचून भागविलेले असते. माळव्यात दाल-बाफल्यांच्या शेजारी राहिलेल्या मराठी घराच्या आमटीत त्या मुलुखाचा तिखटपणा उतरतो, हैदराबादेत चिंचेचा हात सढळ होतो, बडोद्यात गुळाचा. सनातन वृत्तीच्या लेखकाला हे भ्रष्ट झाल्यासारखे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. भाषेत शब्द बदलले तरी व्याकरण टिकले, तोवर ती भाषा तीच राहते. तंजावरी मराठीत तमिळ शब्द आणि लकबी मुबलक आल्या. तरी ती मराठीच आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. मग आमटीला हा न्याय का नको? आंबट, गोड आणि तिखट यांपैकी एकाही चवीला वरचढ होऊ न देणे, हे तिचे व्याकरण. चिंच की आमसूल हा शब्दसंग्रहाचा प्रश्न झाला.

येथे आम्ही स्वतःच्या घराची एक आठवण सांगतो. तीही आठवणच आहे, तेव्हा वर सांगितलेल्या कसोट्या वाचकांनी तिलाही लावाव्यात. आमचे बालपण बडोद्यात गेले. होळीच्या दिवशी शेजारच्या गुजराती बेनांकडून ओसामणाची वाटी येई आणि आमच्या मातोश्री ती वाटी रिकामी परत न करता कटाची आमटी भरून देत. एकदा त्या बेनांनी विचारले, "काकी, तुमचे ओसामण असे काळे कसे हो?" मातोश्री म्हणाल्या, "काळा मसाला असतो त्यात. पण हे ओसामण नव्हे, आमटी." त्यानंतर मात्र एक गंमत झाली. घरात आम्हांला वाढताना त्या 'आमटी घे' म्हणत आणि जिन्यावरून वाटी पाठविताना 'एवढे ओसामण देऊन ये' असे सांगत. पातेले एकच होते. लहानपणी आम्हांस हा विसंगतपणा वाटे. आज वाटते, की आम्ही बडोद्याचे मराठी लोक कोण आहोत, हे त्या दोन वाक्यांइतके नेमके आम्हांस कोणत्याही परिषदेत ऐकावयास मिळाले नाही.

तिसरा परिणाम अधिक जड आहे. आमटी हा पदार्थ वाढविता येतो. पाहुणे आले, की उकळत्या आमटीत पाणी घालतात, मीठ-तिखट सारखे करतात आणि पंगत निभावून नेतात. या चातुर्याचे कौतुक पुष्कळ लेखांत आढळते. परंतु पाणी घातलेली ती आमटी शेवटी कोणाच्या पानात गेली, हे कोणी लिहीत नाही. वरचा तवंग आणि तळची डाळ पहिल्या पंक्तीला गेली. मागाहून बसणाऱ्या बायकांच्या वाट्याला आले ते कढत पाणी. ज्या मुलाने ती आमटी 'अमृत' म्हणून पुढे लिहिली, तो पहिल्या पंक्तीत बसला होता. त्याची आठवण खोटी नाही, पण ती पहिल्या पंक्तीची आठवण आहे. ही जाण ज्या लेखात नाही, तो लेख कितीही मधुर असला तरी अपुरा आहे.

या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावीत. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या ग्रंथात स्वयंपाकघर सजावटीसाठी येत नाही. वडिलांच्या सोवळ्याने सारे घर कसे वेठीस धरले होते, हे त्या सांगतात तेव्हा वाचकाला हसू येते, आणि हसता हसता त्या घरातील बायकांचे हाल कळतात. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे पतिपत्नी पुन्हा एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंनी अन्नपाण्याचा वेगळेपणा काही काळ जपला, आणि नंतर विचारान्ती स्वतःच सोडून दिला. घराची चव आणि घराची भिंत या एकाच चुलीवर कशा तयार होतात, हे मराठीत याहून स्वच्छपणे कोणी दाखविलेले आम्हांस ठाऊक नाही. आणि हे त्या कोणत्याही विशेषणाच्या मदतीवाचून दाखवितात. त्यांच्या वाक्यांत माणसे धुतात, शिजवितात, वाढतात, रुसतात, उपाशी राहतात.

भिंतीच्या दुसऱ्या बाजूने लिहिलेला ग्रंथ मात्र आपल्याला फार उशिरा मिळाला. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या अन्नाची ती नोंद आहे. तेल, मसाले आणि धान्य यांची टंचाई हाच ज्या पाकशास्त्राचा पाया, त्या पाकशास्त्राला 'महाराष्ट्रीय खाद्यपदार्थ' या शीर्षकाखाली जागा का नाही, हा प्रश्न ते पुस्तक आपल्या नावापासूनच विचारते. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा हैदराबादच्या मराठी वाचकाला तर हे पुस्तक दूरचे म्हणता येणार नाही. ते वाचल्यावर 'पुरणपोळी आणि कटाची आमटी ही मराठी माणसाची ओळख' हे वाक्य पूर्वीसारखे सहज लिहिता येत नाही. कोणत्या मराठी माणसाची, किती एकर जमिनीच्या मालकाची, गावाच्या कोणत्या बाजूस राहणाऱ्याची, असे विचारावे लागते. डाळीचे पाणी वाया न घालविणे ही काटकसर खरी; पण मुळात किलोभर डाळ आणि किलोभर गूळ एका दिवशी चुलीवर चढणे, ही अनेक घरांत वर्षातून एकदाही न घडणारी गोष्ट होती. आमटीवर प्रेम करावयास याने बाध येत नाही. मात्र तिला सर्वांची ओळख म्हणून मिरविण्यापूर्वी थांबून विचार करावा लागतो.

कोणी म्हणेल, की ललित लेखनाकडून एवढी अपेक्षा कशाला? पु. ल. देशपांडे यांचा 'हसवणूक' (१९६८) मधील 'माझे खाद्यजीवन' हा लेख आपण आनंदाने वाचतोच की! अवश्य वाचतो. परंतु त्या लेखाचा आनंद पदार्थांच्या यादीत नाही. तो स्वतःच्या खादाडपणाकडे तिऱ्हाइताप्रमाणे पाहून हसण्याच्या वृत्तीत आहे. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी यादी तेवढी उचलली आणि हसणे मागे ठेवले. त्या जागी हळहळ आणून बसविली. विनोदी लेखकाला जे साधले, ते त्याला स्वतःला न सोडल्यामुळे साधले. हळहळणारा लेखक स्वतःला मात्र नेहमी सोडतो. त्याच्या लेखात आई राबते, आजी राबते, तो स्वतः फक्त आठवतो.

या संदर्भात पाकक्रियांच्या पुस्तकांकडेही वाङ्मय म्हणून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने स्वयंपाक सांगितला. तोपर्यंत 'बेताचे', 'अंदाजाने', 'हाताला लागेल तसे' हीच मापे होती, आणि ती शिकण्यासाठी शेजारी एखादी वडीलधारी बाई उभी असावी लागे. लग्न होऊन परमुलखात गेलेल्या ज्या मुलीजवळ अशी कोणी नव्हती, तिच्याजवळ हे पुस्तक होते. महाराष्ट्राबाहेरील कित्येक मराठी घरांत ज्ञानेश्वरीच्या शेजारी हळदीचे डाग पडलेली 'रुचिरा' आम्ही पाहिली आहे. ज्या घरातील मुलांना मराठी कादंबरी वाचता येत नाही, त्या घरातही अक्षर लावीत लावीत वाचले जाणारे ते एक मराठी पुस्तक असते. त्याच्या भाषेचा टीकाकारांनी फारसा विचार केला नाही, कारण त्यात विशेषणे थोडी आणि क्रियापदे पुष्कळ आहेत.

आणि येथेच आम्ही आमच्या मूळ मुद्द्याशी परत येतो. काही दिवसांपूर्वी आमच्या नात्यातील एका मुलीचा दूरच्या शहरातून दूरध्वनी आला. तिला कटाची आमटी करावयाची होती. सारे बोलणे तिने हिंदीत केले. मराठी शब्द एकच होता, तो म्हणजे 'आमटी'. आम्हांस आधी आनंद झाला, मग वाईट वाटले, आणि मग कृती सांगावयास बसलो तेव्हा खरी अडचण कळली. 'डाळ उपसून निथळत ठेव' हे तिला कळेना. 'घोटून घे' म्हणजे काय, 'सरसरीत' म्हणजे किती पातळ, 'कढ येऊ दे' म्हणजे उकळी फुटेपर्यंत की त्याच्या अलीकडे, हे प्रत्येक ठिकाणी समजावून द्यावे लागले. पदार्थाचे नाव तिच्यापर्यंत पोचले होते. क्रियापदे वाटेत गळाली होती.

आमची चिंता हीच आहे. पदार्थ भाषेहून चिवट असतात. मराठी बोलणे सुटल्यावरही एखाद्या घरात सणाला आमटी होत राहील, आणि आपण समाधान मानू की ओळख टिकली. परंतु नुसते नाव टिकणे म्हणजे ओळख टिकणे नव्हे. 'उपसणे', 'निथळणे', 'घोटणे', 'परतणे', 'वैरणे' या शब्दांत पिढ्यान् पिढ्यांच्या हातांचे शहाणपण साठले आहे. ते गेले, म्हणजे आमटी ही एक खाद्यवस्तू उरेल, घर उरणार नाही. ज्यांच्या हाती लेखणी आहे, त्यांना हे शब्द वाचविता येतील. पण त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून वास घेणे सोडून आत गेले पाहिजे. तेथे कोण राबत होते, तिने काय काय केले, शेजारच्या घरातून काय आले, आपल्या पानात काय पडले आणि कोणाच्या पानात काय पडले नाही, हे पाहून लिहिले पाहिजे. असे लिहिले, तर आठवणींचा लेख नुसता हळवा राहणार नाही, तो खरा होईल. आणि त्यातील आमटीची चव, ती कधीही न चाखलेल्या वाचकाच्या जिभेवर उतरेल.

त्या मुलीची आमटी कशी झाली, हे आम्ही दुसऱ्या दिवशी विचारले. मीठ थोडे अधिक पडले होते, एवढे तिने कबूल केले. मग थोडे थांबून मराठीत म्हणाली, "आज सकाळी मात्र छान लागली." शिळी आमटी अधिक लागते, हे आम्ही तिला सांगावयाचे विसरलो होतो.